उत्क्रांतीचा धडा गुंडाळू नका, मॅडम

प्रश्न:
ताई, नमस्कार. मी हडपसर भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी कायम आहे. आमची बरीच मुलं मराठवाडा-विदर्भातून कामासाठी पुण्यात आलेल्या घरांतली आहेत. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो सुरू केला आणि त्याच आठवड्यात भागातले एक माजी नगरसेवक काही पालकांना घेऊन शाळेत आले. संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन आहे. म्हणाले, ‘माणूस माकडापासून झाला, असलं आमच्या मुलांना शिकवू नका. त्या इंग्रज डार्विनचं आता परदेशातही कोणी मानत नाही. शिकवायचंच असेल तर दशावतारही शिकवा, मुलांपुढे दोन्ही बाजू ठेवा.’ त्यांच्यासमोर मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला गाठून म्हणाले, ‘मॅडम, धडा मुलांना घरी वाचायला सांगा, प्रश्नोत्तरं लिहून द्या आणि पुढे चला.’ घरी मिस्टर म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नकोस. मी स्वतः भाविक आहे, आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायची इच्छा नाही. पण धडा असा उरकणं मनाला पटत नाही. पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. काय करू?
– एक विज्ञान शिक्षिका, पुणे

उत्तर:
नमस्कार मॅडम,

धडा शिकवा. पूर्ण शिकवा, ठरलेल्या तासिकांमध्ये, फळ्यावर आकृत्या काढून, मुलांच्या शंका घेत. मुख्याध्यापकांनी सुचवलेली वाट सगळ्यांत सोयीची दिसते आणि मला तीच सगळ्यांत जास्त घातक वाटते. तसं का वाटतं ते आधी सांगते, मग शनिवारच्या सभेकडे येते.

उत्क्रांतीच्या शिक्षणावर राजकीय दबाव आला की लोकांना बंदी आठवते, कोर्टकचेरी आठवते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९२५ मध्ये खरंच तसा कायदा केला होता. बायबलमधली माणसाच्या उत्पत्तीची कथा नाकारणारं काही सरकारी शाळेत शिकवायचं नाही, असा. डेटन नावाच्या छोट्या गावात जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर खटला भरला गेला. देशभरातले वार्ताहर तिथे जमले, दोन्हीकडून नामांकित वकील उभे राहिले आणि शेवटी स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा रद्द केली, कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच राहिला. एवढी गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. ज्या पाठ्यपुस्तकावरून तो खटला उभा राहिला, त्याच्या पुढच्या आवृत्तीतून प्रकाशकाने ‘उत्क्रांती’ हा शब्दच काढून टाकला. इतर प्रकाशकही सावध झाले. बहुतेक राज्यांत असा कायदा नव्हता, तरी धडे आक्रसत गेले, कारण वादात सापडलेलं पुस्तक कोणाला खपवता आलं नसतं. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिका विज्ञान शिक्षणाबद्दल खडबडून जागी झाली, आणि मग साठच्या दशकात सरकारी पैशातून लिहून घेतलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांतून उत्क्रांती शाळेत परतली. तोवर तीस-पस्तीस वर्षांत शिकून गेलेल्या मुलांना विषय चुकल्याचं कळलंही नाही.

आणि नंतर कायदे गेले, कोर्टांनी बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी हा प्रश्न संपला नाही. मायकेल बर्कमन आणि एरिक प्लुट्झर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांमधल्या ९२६ जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी केली आणि २०११ मध्ये ती ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. उत्क्रांती नीट, ठामपणे शिकवणारे शिक्षक निघाले साधारण २८ टक्के. तिच्या विरोधात उघडपणे शिकवणारे १३ टक्के. उरलेले जवळजवळ ६० टक्के मधले. हे शिक्षक विषय नाकारत नव्हते. अंग राखून, वाद होणार नाही एवढंच शिकवून पुढे जात होते. मॅडम, तुमच्या मुख्याध्यापकांनी सांगितलेली ‘वाचायला सांगा, प्रश्नोत्तरं लिहून द्या’ ही तीच पद्धत. ते वाईट गृहस्थ आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांना वेतनेतर अनुदान सांभाळायचं आहे, संस्थेच्या बैठका सांभाळायच्या आहेत. पण त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागलात तर माजी नगरसेवकांना हवं ते त्यांना आयतं मिळेल, आणि कुठल्याही कागदावर त्याची नोंद राहणार नाही.

आपल्याकडेही गोष्टी साधारण अशाच घडल्या आहेत. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं लिहिलेलं नाही, शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात हे बदललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. सिंह हे पुण्याचे आणि मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले, त्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडून काढलं आणि त्यांचेच वरिष्ठ मंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. पुढच्या वर्षी, २०१९ च्या जानेवारीत, जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं. त्यावरही गदारोळ झाला. २०२३ च्या ऑक्टोबरात डार्विनला आव्हान देणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, ती न्यायालयाने फेटाळली.

म्हणजे जे जाहीरपणे बोललं गेलं, त्याला उत्तर मिळालं. मग सीबीएसई शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती गेली कशी? आधी कोरोनाच्या काळात, मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून हा भाग तात्पुरता परीक्षेतून वगळला. मग अभ्यासक्रमाच्या ‘सुसूत्रीकरणा’त तो कायमचा काढला. २०२३ मध्ये आलेल्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा नुसता ‘आनुवंशिकता’ झाला. देशभरातल्या १८०० हून जास्त वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी तो भाग परत घेण्यासाठी खुलं पत्र लिहिलं. ‘बारावीच्या जीवशास्त्रात आहेच की’ हे त्यावरचं उत्तर होतं, आणि ते खरंही आहे. पण दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणाऱ्या मुलाने काय करायचं? तुमच्या वर्गातली किती मुलं अकरावीला जीवशास्त्र घेणार आहेत, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. त्यांच्यासाठी हा पहिला आणि शेवटचा धडा आहे. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने तुमच्या पुस्तकात तो सविस्तर घेतलेला आहे. पेरीपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश हे दोन प्राणीगटांना जोडणारे दुवे, अवशेषांगं म्हणजे शरीरात उरलेले निरुपयोगी अवयव, जीवाश्म, नैसर्गिक निवड, माणसाची उत्क्रांती, सगळं आहे. पुस्तकात असूनही तो वर्गात शिकवला गेला नाही, असं तुमच्या शाळेत होऊ देऊ नका.

आता ‘दोन्ही बाजू’. ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं, म्हणूनच ते पालकांच्या गळी उतरतं. पण ही मागणी काही हडपसरमध्ये जन्मलेली नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने १९८१ मध्ये असाच कायदा केला होता, की उत्क्रांती शिकवाल तर ईश्वरी निर्मितीचं ‘शास्त्र’ही तेवढंच शिकवा. त्याविरुद्ध ७२ नोबेल विजेत्यांनी सर्वोच्च न्यायालयात लेखी म्हणणं मांडलं आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला. ‘परदेशातही कोणी मानत नाही’ असं कोणी सभेत म्हणालं तर हे ७२ नोबेल विजेते जरूर सांगा. परदेशात विरोध आहे तो राजकारणात आणि काही धर्मपीठांत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत यावर वाद नाही.

त्यापुढची हकीकत तुम्ही मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण ती शिक्षकांची आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवलं, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती सुरू करण्याआधी एक छोटं निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे जीवसृष्टी कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवली ही कल्पना, हा दुसरा पर्याय आहे, असं त्यात होतं. वाचायला एखादं मिनिट लागलं असतं. तिथल्या विज्ञान शिक्षकांनी एकत्र बसून लेखी कळवलं, की ही रचनेची कल्पना विज्ञान नाही, ती विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणं आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही, आम्ही वाचणार नाही. शेवटी प्रशासनातल्या अधिकाऱ्यांना वर्गात येऊन ते वाचावं लागलं. अकरा पालक कोर्टात गेले. त्यांच्या बाजूचा प्रमुख साक्षीदार होता केनेथ मिलर, जीवशास्त्राचा प्राध्यापक आणि श्रद्धाळू कॅथलिक. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केलेली. त्यांनी डिसेंबर २००५ मध्ये निकाल दिला, की ‘बुद्धिमान रचना’ म्हणजे धार्मिक निर्मितीवादच आहे, फक्त नाव नवं. त्याआधीच्या महिन्यात झालेल्या निवडणुकीत मंडळाच्या त्या सदस्यांना मतदारांनी घरी बसवलं होतं. वकिलांच्या खर्चापोटी शाळा मंडळाला सुमारे दहा लाख डॉलर भरावे लागले, ते अर्थातच करदात्यांच्या खिशातून.

यातली दोन माणसं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एकत्र सही करणारा शिक्षक आणि आपली श्रद्धा बाजूला न टाकता विज्ञानाच्या बाजूने उभा राहणारा मिलर. मॅडम, तुम्ही दहा दिवस गणपती बसवता आणि अकराव्या दिवशी नैसर्गिक निवड शिकवता, यात तुमच्या हातून काही खोटं होत नाही. पत्रात तुम्ही हे जवळजवळ कबुली दिल्यासारखं लिहिलं आहे, तसं वाटून घेऊ नका. उलट या कामाला तुम्ही जास्त योग्य आहात. श्रद्धा म्हणजे काय हे घरातून माहीत असलेली बाई वर्गात देवाधर्माची टिंगल करणार नाही, याची पालकांना खात्री वाटते.

दशावताराबद्दल विचारणा वर्गातूनही येईल, कारण मुलांच्या घरी हे बोललं जातं. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन हा क्रम पाहून जीवसृष्टीच्या क्रमाची आठवण होते, हे साम्य गेल्या दीडशे वर्षांत अनेकांनी दाखवलं आहे. ते झिडकारू नका. मुलांना एवढंच दाखवा, की अवतारकथेत भगवंत धर्मरक्षणासाठी, हेतूने, रूप घेतो. माशापासून कासव जन्मत नाही, प्रत्येक अवतार स्वतंत्र आहे. उत्क्रांतीत कोणाचा हेतू नसतो. पिल्लापिल्लांत थोडा फरक असतो, काही जगतात, काही मरतात, जगलेल्यांचे गुण पुढे जातात, आणि याला लाखो वर्षं मिळतात. कथा वेगळा प्रश्न सोडवते, विज्ञान वेगळा. तिला विज्ञानाचं प्रमाणपत्र मिळवून द्यायला निघालं की कथेचाही मान जातो, कारण मग उद्या कोणी वामनाचा जीवाश्म मागेल. दशावतार मराठीच्या तासाला, संस्कृतच्या तासाला, कीर्तनात, कोकणातल्या दशावतारी खेळात आनंदाने यावा. दहावी विज्ञानाच्या पुस्तकात तो नाही आणि तुमच्या तासिकेत तो पर्यायी सिद्धांत म्हणून येऊ नये.

‘माकडापासून माणूस’ याचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा, कारण सभेत वेळ मिळणार नाही. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी ही चुलत भावंडं, त्यांचा पूर्वज एक होता, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. ‘मग माकडं अजून का आहेत?’ या प्रश्नालाही हेच उत्तर पुरतं. चुलतभाऊ गावी राहिला म्हणून पुण्याला आलेला भाऊ खोटा ठरत नाही.

आता वर्गाबद्दल, कारण मला खरी आशा तिथे वाटते. तुम्ही लिहिलंत की मुलं मराठवाड्यातली, विदर्भातली आहेत. मग डार्विनच्या जहाजापासून सुरुवात करू नका, कपाशीपासून करा. वर्गात विचारा, गावाकडे कोणाची कपाशी आहे? डोमकळी कोणी पाहिली आहे? जालना, परभणी, यवतमाळकडचं मूल लगेच सांगेल, की कपाशीचं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात, आणि उघडून पाहिलं तर आत अळी असते. बोंड फोडलं तर सरकीत गुलाबी अळी आणि कापूस पिवळा, डागाळलेला. आता त्यांना गोष्ट सांगा. २००२ मध्ये बीटी कपाशी आली. एका जिवाणूचा जनुक त्या झाडात घातलेला, त्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. सुरुवातीला बोंडअळी मेली, फवारण्या कमी झाल्या. पण लाखो अळ्यांमध्ये थोड्या अशा होत्या, ज्यांच्या शरीरावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नव्हता. बीटीने त्यांना शिकवलं नाही, त्या आधीच वेगळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचेच पतंग झाले, यांनीच अंडी घातली. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. मग दोन जनुकांचं वाणही निकामी होत गेलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हातातोंडाशी आलेली बोंडं गेली.

आणि त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग बियाण्याच्या पिशवीत होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पिशवी मिळायची, बिगर-बीटी बियाण्याची. शेतकरी तिला ‘रेफ्युजी’ म्हणतात. ते बी शेताच्या कडेने लावायचं होतं. तिथे साध्या, बीटीने मरणाऱ्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांचा दाद न देणाऱ्यांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीने मरणारी निघावी, असा तो हिशेब. बहुतेकांनी ती पिशवी लावलीच नाही, कारण अळीसाठी पीक का लावायचं हे त्यांना कोणी नीट समजावलं नाही. ते समजायला उत्क्रांती समजावी लागते. मॅडम, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं कुटुंब त्या दोन-तीन हंगामांनंतरच पुण्याला आलं असेल. त्याला हा धडा ‘परक्याचा’ वाटणार नाही, त्याच्या बापाचं पीक का गेलं याचं कारण त्यात आहे. माजी नगरसेवकांबरोबर आलेल्या पालकांपैकीही कोणी कपाशी केलेली असेल. त्यांच्याशी बोलायचा रस्ता मला हाच दिसतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या हातावरच आहे. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायला सांगा आणि मनगट थोडं आत वाकवायला सांगा. बऱ्याच मुलांच्या मनगटाच्या मधोमध एक शीर ताणून वर येईल. ती रक्तवाहिनी नाही, एका स्नायूची दोरी आहे. काहींच्या हातात ती येणारच नाही, कारण तो स्नायू त्यांना जन्मतःच नसतो, आणि त्यांची पकड तरीही इतरांइतकीच मजबूत असते. सगळा वर्ग एकमेकांचे हात बघायला लागेल. पुस्तकातली अक्कलदाढ, आंत्रपुच्छ आणि माकडहाड ही अवशेषांगं त्यानंतर घ्या.

‘इंग्रजाचं शास्त्र’ याला उत्तर देणारा दगड आपल्याच देशात सापडला आहे. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटच्या खडकांमध्ये भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जीवाश्म गोळा केले होते. त्यातला इंडोहायस हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, कोल्ह्याएवढा, हरणासारख्या पायांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाला आतून जी जाड भिंत आहे, ती एरवी फक्त देवमाशांच्या कानात असते. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते याचा मोठा पुरावा जगाला भारतातून मिळाला. कच्छमध्येही प्राचीन देवमाशांचे जीवाश्म निघाले आहेत. आणि शक्य झालं तर मुलांना येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय दाखवा. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे हजारो पिढ्यांपूर्वीच्या माणसांनी घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. जुन्नरचं मूल वर्गात असेल तर त्याला तिथलं नातं लगेच लागेल.

आता कागदपत्रं, कारण तुमच्या मिस्टरांची काळजी अगदी रास्त आहे आणि ती नुसत्या तत्त्वाच्या गोष्टींनी दूर होणार नाही.

हा धडा शिकवायचा की नाही आणि किती, हे संस्था ठरवत नाही, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम ठरवतो. तुमच्या वार्षिक नियोजनात आणि टाचण वहीत या धड्याच्या तासिका स्पष्ट लिहा आणि नेहमीप्रमाणे मुख्याध्यापकांची सही घ्या. मग त्यांना सौम्य शब्दांत एक लेखी पत्र द्या: मंडळाच्या अभ्यासक्रमातला हा धडा मी अमुक तारखांना शिकवत आहे, त्यातला कोणता भाग वगळायचा असल्यास कृपया लेखी आदेश द्यावा. आवक क्रमांक घालून पोच घ्या. तसा आदेश तुम्हाला कोणी देईल असं मला वाटत नाही, कारण तो दिला की मंडळापुढे आणि शिक्षणाधिकाऱ्यांपुढे त्याचं उत्तर सही करणाऱ्याला द्यावं लागतं. हे पत्र भांडणाच्या सुरात नको. मुख्याध्यापकांनाही ते उपयोगी पडेल. पुढच्या वेळी माजी नगरसेवक आले की त्यांना म्हणता येईल, माझ्या हातात काही नाही, मंडळाचा अभ्यासक्रम आहे.

तुम्ही कायम आहात, हे महत्त्वाचं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याप्रमाणे (एमईपीएस) कायम शिक्षकाला रीतसर चौकशीशिवाय काढता येत नाही, पदावनत करता येत नाही, आणि तसं झालं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. शाळेत विज्ञानाला एखादा शिक्षणसेवक असेल तर त्याला पुढे करू नका, त्याची बाजू तुमच्याइतकी भक्कम नाही. पण कायम असलेल्या गणित-विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विश्वासात घ्या आणि पत्रावर दोन-तीन सह्या होतील का ते बघा. संघटनेच्या तालुका पदाधिकाऱ्याच्या कानावर घालून ठेवा. लागलंच तर पुणे विभागाच्या शिक्षक आमदारांचं कार्यालय आहे, पण ती पायरी आत्ता नको.

घटनेतल्या दोन गोष्टी पाठ ठेवा. कलम ५१अ (ह): वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते आलं. आणि कलम २८ (३): शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलाला, पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. तुमच्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतील, विज्ञानाच्या तासाला एका धर्माची कथा ‘दुसरी बाजू’ म्हणून शिकवली तर इतरांच्या पालकांना विचारावं लागेल. हे सभेत आपणहून काढू नका. कोणी जोर धरला तरच शांतपणे सांगा.

शनिवारच्या सभेत भाषण करू नका. पुस्तक घेऊन जा. धडा उघडून पालकांच्या हातात द्या, त्यांनी तो वाचलेला नसण्याची शक्यता जास्त आहे. ‘माणूस आजच्या माकडापासून झाला’ असं वाक्य त्यात कुठे आहे ते त्यांनाच शोधायला सांगा. मग कपाशीचं सांगा. बोर्डाच्या परीक्षेत या धड्यावर प्रश्न येतात हेही सांगा. पालकांना गुणांची काळजी असते आणि त्यात चूक काही नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर ‘मग प्रश्नोत्तरं लिहून द्या’ हेच उत्तर परत येईल. ज्यांना शंका आहे त्यांना मुख्याध्यापकांच्या परवानगीने पुढच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायचं आमंत्रण द्या. माजी नगरसेवकांनाही द्या, मनापासून द्या. ते आले तर त्यांच्यासमोरही नेहमीसारखंच शिकवा.

वर्गात एखादी मुलगी उभी राहून विचारेल, ‘मॅडम, मग देव नाही का?’ तिला सांगा, हा प्रश्न या धड्याचा नाही, विज्ञान त्यावर होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तू घरी आई-आजीशी बोल. तिला चूक ठरवू नका आणि तिच्यासमोर तिच्या आईलाही चूक ठरवू नका.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक अक्षरही लिहू नका. तिथे कोणी डार्विनविरुद्धचा व्हिडिओ टाकेल, कोणी उत्तर देईल, कोणी तुमचं वाक्य अर्धं कापून पुढे पाठवेल. कोणी काही विचारलं तर ‘शनिवारी सभेत बोलू’ एवढंच. वर्गात मोबाइलवर चित्रीकरण होऊ देऊ नका. आणि घरी मिस्टरांना ते पत्र पाठवण्याआधी वाचून दाखवा. त्यातला सूर किती सौम्य आहे हे त्यांनी स्वतः पाहिलं की त्यांची भीती बरीच कमी होईल. त्यांनी एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदला.

मुख्याध्यापकांकडून लेखी काही आलंच, तर त्याची प्रत काढून मला पाठवा. पुढचं पाऊल मग त्यातल्या मजकुरावर ठरवता येईल.